अजून सात पायऱ्या

पुणे,
रविवार, रात्रीचे दीड

प्रिय पश्या,

तीन महिने एक शब्द नाही आणि आता एकदम पत्र, तेही कागदावर. घाबरू नकोस, पैसे मागत नाहीये. फोनवर तू पहिल्याच वाक्याला हसतोस आणि मग माझं पुढचं राहून जातं, म्हणून हा उद्योग. घरी सगळे बरे. आजोबांचा मोतीबिंदू काढला, डोळ्याला हिरवी पट्टी लावून मॅच ऐकतात.

तर माझी डिप्लोमाची फिल्म. दहा मिनिटांचा विज्ञानपट. पृथ्वीपासून लांब एका तळावर एकटाच माणूस, वीस वर्षांपूर्वी निघालेला एक निरोप त्याला आत्ता मिळतो. गोष्ट एवढीच, पण मी आधी यान बांधायला घेतलं. पुठ्ठा, चंदेरी कागद, एलईडीच्या माळा, ६,००० रुपये गेले. कॅमेऱ्यातून पाहिलं तर गणपतीचं मखर! सरांनी मॉनिटरकडे बघून शांतपणे विचारलं, "विसर्जन कधी?"

मग त्यांनी आम्हाला क्रिस मार्करची 'ला जते' दाखवली. १९६२ची, २८ मिनिटांची. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झालंय, उरलेली माणसं जमिनीखाली राहतात आणि त्यातल्या एकाला भूतकाळात पाठवतात. आता यात टाइम मशिन किती मोठं लागेल? काहीच नाही रे. माणूस आडवा पडलाय, डोळ्यांवर पट्टी, आजूबाजूला कुजबूज. बास. आणि सगळी फिल्म स्थिर फोटोंची. फोटो, निवेदन, फोटो. मध्ये एकदाच, ती बाई झोपेतून डोळे उघडते तेव्हा, काही सेकंद चित्र हलतं. पश्या, मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

त्याच रात्री यान मोडलं. गोदारने १९६५ मध्ये 'आल्फाव्हिल'चं भविष्यातलं शहर रात्रीच्या पॅरिसमधल्या नव्या इमारतींतच उभं केलं होतं, मग आपल्याला सिव्हिल कोर्टचं मेट्रो स्टेशन काय वाईट? जमिनीखाली ३३ मीटर, सरकते जिने, पांढरा उजेड. शेवटची गाडी गेल्यासारखा चेहरा करून आमचा हिरो उभा, आणि मी फोटो काढतोय. तळ तयार, खर्च तिकिटाचा.

आवाजांचंही तसंच. 'स्टार वॉर्स'मधल्या बंदुकांचा आवाज बेन बर्टने टॉवरच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून मिळवला होता. आम्ही होस्टेलच्या गच्चीवरच्या टॉवरच्या तारेवर पाना मारून बघितला. वॉचमन धावत वर आला, म्हणाला, "अर्थिंग चेक करताय का?" आम्ही हो म्हणालो. (इथे तुला आठवीचं गॅदरिंग आठवलं असणार. मी विंगेत सुतळी बॉम्ब लावला आणि तू हेल्मेट काढून प्रेक्षकांना सांगितलंस, "अवकाशात आवाज येत नाही." अख्खं नाटक पाडलंस. विसरलेलो नाही.)

आता खरी गोष्ट. निरोपासाठी वर्गातल्या पाच जणांचे आवाज घेतले. सगळे आकाशवाणीच्या बातम्या देत होते. मग जुना फोन चाळताना ऑगस्ट २०१९ सापडला. तुझी व्हॉइस नोट, ४ मिनिटं १२ सेकंद. सांगलीत पूर, आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी, गल्लीतले दिवे गेलेले आणि तू जिन्यात बसून मोजतोयस. "अजून सात पायऱ्या आहेत. मघाशी नऊ होत्या." मग मोती भुंकतो. मग लांबून काकू, "पश्या, टॉर्च बंद कर, सेल जातील."

नुसतं लावून बघू म्हणून फोटोंखाली टाकली. खरंच, नुसतं बघायला. रफ कट संपल्यावर सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव." आणि मग, "हा नट कोण?"

मी म्हणालो, "आहे एक."

आठवडा झाला, ते दोन शब्द गिळता येईनात. तुला आधी विचारायला हवं होतं, आणि विचारायला उशीर का झाला तेही कळतंय. नाही म्हणालास तर काय, ही भीती. रोज रात्री एडिटला बसतो, तुझे श्वास कापतो, दोन वाक्यांमधला पाण्याचा आवाज थोडा वाढवतो. कट चपखल बसला की खूश होतो. मग तुमच्या हॉलमधली पुराच्या पाण्याची ती रेघ डोळ्यांपुढे येते, काकूंनी रंग देताना मुद्दाम तशीच ठेवलेली, आणि लॅपटॉप बंद करतो. परवा तर स्वतःलाच समजावत होतो की असा आवाज अभिनयाने येणार नाही, म्हणजे बघ, किती नीच युक्तिवाद. शेवटची ११ सेकंदं मी घेतलेली नाहीत. कोणाला ऐकवलीही नाहीत.

काकूंना तूच विचार. माझी हिंमत नाही.

शुक्रवारी रात्री बारापर्यंत फिल्म द्यायचीये. नको म्हणालास तर मीच बोलेन, आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे. सरांना खरं काय ते सांगणार आहेच, तू काहीही म्हणालास तरी.

बडोदा काय म्हणतंय? मेसमधल्या डाळीत अजून साखर? आणि ती गुजराती शिकवणारी, तिचं पुढे काय? सविस्तर लिही, एका ओळीत उरकू नकोस.

तुझा,
मन्या

ता. क. अवकाशात आवाज येत नाही, कबूल. पण यानात हवा असते आणि बॉम्ब यानात फुटला होता. आठवीतही माझंच बरोबर होतं.