केस उन्हाने पांढरे होत नाहीत

माननीय संपादक, स. न. वि. वि.

‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे नातवंडांना सुनावण्याचे माझे वय आहे. तरीही रविवार कारंजा ते कॉलेज रोडपर्यंत ‘केस मुळापासून काळे’ असे सांगणाऱ्या तेलांच्या पाट्या पाहून, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक या नात्याने, हे पत्र लिहावेसे वाटले.

रामकुंडावर क्षौर करून गेलेल्या माणसाला महिन्याभराने पाहावे. तेल लावलेला एकही जुना केस डोक्यावर उरलेला नसतो आणि नवे केस मात्र पूर्वीसारखेच, पांढऱ्याचे पांढरे उगवलेले असतात. याचे कारण असे, की केसाचा रंग ठरतो तो त्वचेखालच्या कूपात, केस घडत असतानाच. तेथील रंगपेशी त्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य भरतात. वयानुसार या पेशी पुरवणाऱ्या मूळपेशी संपत जातात किंवा, २०२३ मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसले त्याप्रमाणे, कूपातच अडकून पडतात, आणि पुढचा केस रंगाविना बाहेर येतो. बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला वरून काळे करणारे जे काही असेल, तो कलपच, मग बाटलीवर काहीही छापलेले असो. एक केस उपटला की दहा पिकतात, हेही खरे नाही, कारण प्रत्येक कूपाचा कारभार स्वतंत्र असतो.

केस लवकर पिकणे बहुधा आनुवंशिक असते. मात्र पंचविशीच्या आतच ते होऊ लागले, तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बी-१२ वनस्पतिजन्य आहारातून जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे शाकाहारी घरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. धूम्रपानाचा संबंधही अभ्यासांत आढळला आहे. तेलापायी ही तपासणी लांबणीवर पडते, हे मला खर्चापेक्षाही अधिक खटकते.

औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांतील ‘जे’ अनुसूचीत, ज्या विकारांवर इलाजाचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांत अकाली केस पांढरे होण्याचाही समावेश आहे. संबंधित खात्याने या पाट्यांकडे पाहावे, आणि वृत्तपत्रांनीही आपल्या जाहिरातींचे रकाने एकदा तपासावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक