जिवंत लव्हाळ्यावर लॉन अंथरल्याबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुने तण न काढता त्यावर नवीन लॉन बसवल्याबाबत व संपूर्ण काम पुन्हा करून मिळण्याबाबत.

महोदय,

जळगाव येथील माझ्या घरासमोरच्या सुमारे ६०० चौरस फूट जागेतील तणाने भरलेली जुनी हिरवळ मुळासकट काढून तेथे 'सिलेक्शन नंबर वन' जातीची तयार लॉन बसवून देण्याचे काम मी मे महिन्यात आपल्या कंपनीला दिले होते. पूर्ण रक्कम आगाऊ भरलेली असून पावती, दरपत्रक व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तणनाशकाच्या दोन फवारण्या, जमीन उकरून लव्हाळा या चिवट तणाच्या गाठी व हराळीच्या काश्या (जमिनीत पसरणारी खोडे) वेचणे, पोयटा, वाळू व कुजलेले शेणखत यांचा थर आणि शेवटी लॉन, असा क्रम दरपत्रकात आपणच लिहून दिलेला आहे.

प्रत्यक्षात एकही फवारणी झाली नाही. आपल्या माणसांनी खुरप्याने तण वरच्या वर कापले, त्यावर वाळू पसरली आणि दुसऱ्याच दिवशी लॉनचे रोल आणून टाकले. मी हरकत घेतली तेव्हा, एकदा लॉन बसली की खालचे सगळे गुदमरून मरते, असे सुपरवायझरने सांगितले. लव्हाळ्याचा टोकदार कोंब तण दाबण्यासाठी जमिनीवर अंथरलेला मल्चिंगचा प्लास्टिक कागदसुद्धा भोसकून वर येतो, हे केळीच्या या मुलखात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच्या गाठी जमिनीत दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचा शेंडा कापला तर गाठ पुन्हा फुटते आणि खुरप्याने साखळी तुटली तर सुट्या झालेल्या गाठींतून वेगवेगळी रोपे उभी राहतात. म्हणजे आपण तण काढले तर नाहीच, उलट त्याची लागवड करून दिली. आज दोन पट्ट्यांच्या सांध्यांतूनच नव्हे, तर पट्ट्यांच्या ऐन मध्यातूनही लव्हाळा वर आला आहे.

लॉनची स्थितीही चांगली नाही. गुंडाळलेले गवत कापल्यापासून साधारण दिवसभरात जमिनीवर पडले पाहिजे, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, कारण गुंडाळीच्या आत उष्णता साठून मुळे खराब होतात. आपले रोल भर दुपारी ट्रकमधून उतरले तेव्हा आतून हाताला गरम लागत होते व मधले गवत पिवळे पडलेले होते. त्याचे छायाचित्र मी त्याच वेळी काढले आहे. गेल्या आठवड्यात फाटकाजवळचा एक कोपरा धरून पाहिला, तर सतरंजी उचलावी तसा अख्खा पट्टा हातात आला. खाली वाळू, वाळूखाली भेगा पडलेली कडक काळी माती, आणि त्या मातीत नव्या गवताचे एकही पांढरे मूळ शिरलेले नाही. शेणखत व पोयटा कुठेही आढळला नाही. घातलेले पाणी वाळूतून सरळ भेगांत उतरते आणि वरचे गवत वाळत जाते.

याबाबत फोन केला असता आपल्या प्रतिनिधीने "जळगावच्या उन्हात असे होणारच" असे उत्तर दिले. जळगावचे ऊन काही यंदा प्रथमच पडलेले नाही. पावसाळा सुरू झाल्यावर लॉन बसवू, असे मी सुचवले असता, मे महिन्यातच काम होईल असा आग्रह आपल्याच कार्यालयाचा होता. पाण्यात मी कसूर केलेली नाही. नळाला रोज पाणी येत नसल्याने बोअरवेलचे पाणी सकाळ-संध्याकाळ दिले आहे.

फवारणी घरमालकाने आधीच करून ठेवायला हवी होती, हा दुसरा खुलासा तर दरपत्रकाच्या सरळ विरुद्ध आहे. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेली असताना, हे काम मी स्वतः करावे अशी अपेक्षा आपली कंपनी कशी ठेवते, याचा खुलासा व्हावा.

माझी मागणी अशी की, सध्याची लॉन व वाळू स्वखर्चाने उचलून न्यावी, जमिनीला पाणी देऊन उरलेला लव्हाळा पूर्ण फुटू द्यावा, पाने पुरेशी वाढल्यावर फवारणी करून पुन्हा येणाऱ्या फुटव्यावर दुसरी फवारणी करावी, आणि त्यानंतरच ठरलेल्या मातीच्या थरावर ताजी लॉन, विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून व रोलर फिरवून, बसवून द्यावी. हे शक्य नसेल तर संपूर्ण रक्कम परत करावी. अर्धी रक्कम किंवा पुढच्या कामावर सवलत मला मान्य नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्यात येईल. पाहणीसाठी माणूस पाठवायचा असल्यास आदल्या दिवशी कळवावे आणि त्याच्याकडे फावडे अवश्य द्यावे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक, जळगाव

सोबत : पावती, दरपत्रक व छायाचित्रे