नातवंडांना घेऊन निघण्याआधी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलताना निम्म्या गोष्टी राहून जातात, म्हणून लिहूनच पाठवते आहे. आधी गाडी, मग विमान, मग चार दिवस अनोळखी जागेत, आणि दोन्ही मुलं तुम्हा दोघांच्याच हवाली. मुलं सांभाळायची कशी हे मी तुम्हाला सांगायला नको. पण कार सीट, औषधांची मापं, विमानातली कानदुखी या गोष्टी तुमच्या वेळी नव्हत्या किंवा वेगळ्या होत्या, आणि त्यातच चुका होतात.

पहिली गोष्ट, कोण कोणाकडे. दोन मोठी माणसं सोबत असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं लक्ष आहे. मुलं हरवतात, पडतात ती बहुतेक याच फटीत. तेव्हा धाकटी आईकडे आणि थोरला बाबांकडे असं निघतानाच ठरवून घ्या. मधे अदलाबदल करायची झाली तर तोंडाने बोला: "आता दोघं तुमच्याकडे, मी हात धुऊन येते." समोरून "हो" आल्याशिवाय जागचं हलू नका. नुसती मान हलवून भागत नाही, सामान उचलताना ती दिसतच नाही. पुढे मी जे लिहिलं आहे त्यात हाच नियम पुन्हा पुन्हा येईल.

आता गाडी. धाकटी चौदा महिन्यांची आहे, म्हणजे तिची सीट मागे तोंड करूनच बसवायची. पाय दुमडलेले दिसतात म्हणून आई, तू ती पुढे वळवायला सांगशील, पण पाय दुमडून बसणं या वयात तिला सोपं जातं. अचानक ब्रेक लागला की लहान मुलाचं जड डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असलं की तो धक्का पाठभर वाटला जातो. ही सीट पुढच्या, एअरबॅग चालू असलेल्या जागेवर कधीही लावू नका. एअरबॅग उघडली तर ती थेट सीटच्या पाठीवर आदळते.

सीट बसवली की गाडीचा पट्टा जिथून जातो तिथे धरून ती डावी-उजवी हलवून बघा. अडीच सेंटीमीटरहून जास्त हलली तर पट्टा पुन्हा ओढून घ्यायचा. मग मुलाचे पट्टे. धाकटीचे पट्टे तिच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, थोरला पुढे तोंड करून बसतो, म्हणून त्याचे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. बकल लागलं की खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरा. चिमटीत घडी आली तर पट्टा ढिला आहे, बोटं नुसती घसरली तर बरोबर आहे. जाड स्वेटर किंवा जॅकेट घालून पट्टे लावू नका. धक्का बसला की कापूस दबतो आणि आत जागा होते. पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण घाला. एकाने पट्टे लावायचे आणि दुसऱ्याने चिमटा काढून बघायचा, म्हणजे राहून जाणार नाही.

रडते म्हणून चालत्या गाडीत तिला मांडीवर घेऊ नका. जोराच्या धक्क्यात दहा किलोचं मूल हातांनी धरून ठेवणं कोणालाच जमत नाही. त्यापेक्षा दर दोन तासांनी गाडी थांबवा आणि दोघांना बाहेर काढून पंधरा मिनिटं मोकळं सोडा. उतरताना दोघंही मागची सीट बघा. "दोन मिनिटांत येतो" म्हणूनही मुलाला बंद गाडीत ठेवू नका. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान साधारण 10 अंश सेल्सिअसने चढतं, आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

गाडी लागण्याचा त्रास थोरल्याला होईल, धाकटीला बहुधा नाही. दोन वर्षांखाली तो क्वचितच दिसतो. आतल्या कानाला कळतं की आपण हलतोय, पण डोळे पुस्तकावर किंवा मोबाइलवर असले तर ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या गोंधळातून उलटी येते. म्हणून चालत्या गाडीत त्याच्या हातात पुस्तक किंवा मोबाइल देऊ नका, समोरच्या काचेतून लांबचं दाखवत राहा. निघण्याआधी पोट रिकामंही नको आणि भरपेटही नको. तो एकदम गप्प झाला, जांभया देऊ लागला, तोंड पांढरं पडलं की गाडी थांबवायला जेमतेम दोन मिनिटं आहेत असं समजा. त्याची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली आहे, ती निघायच्या अर्धा ते एक तास आधी द्यायची. उलटी सुरू झाल्यावर दिली तर बाहेरच पडते.

विमानात कान दुखतात ते वर चढताना कमी आणि उतरताना जास्त. नाकामागून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे हवेचा दाब लवकर सारखा होत नाही. गिळलं की ती उघडते. म्हणून धाकटीचं दूध सुरुवातीलाच संपवू नका. उतरण्याची घोषणा साधारण अर्धा तास आधी होते, बाटली त्या वेळेसाठी राखून ठेवा. झोपली असेल तर हळूच उठवा, कारण झोपेत गिळणं फार कमी होतं. थोरल्याला पाण्याचे छोटे घोट पुरतात. सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवूनच या.

खांद्याच्या पिशवीत दर दोन तासांना एक डायपर आणि वर तीन-चार जास्तीचे ठेवा. कपड्यांचा प्रत्येक जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत भरा, ओला जोड त्याच पिशवीत बंद करून परत ठेवता येतो. तुमचाही एकेक सदरा-ब्लाउज हाताशी असू द्या, कारण उलटी बहुतेक वेळा धरणाऱ्याच्या अंगावर होते. आम्हा दोघांच्या सह्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि दोन्ही मुलांचे जन्मदाखले बाबांच्या पाकिटात राहू देत.

आता औषधं. पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या दिसायला सारख्या असतात, पण एकीत 5 मिलीला 120 मिलिग्रॅम असतं आणि दुसरीत 250. धाकटी 9 किलोची आहे, तिला 120 वालीतून 5 मिली. थोरला 16 किलोचा, त्याला 250 वालीतून 4 मिली. बाटल्या उलटसुलट झाल्या तर धाकटीला दुपटीहून जास्त जाईल. मी झाकणांवर नावं लिहून ठेवली आहेत. चमच्याने मोजू नका, सोबतची सिरिंज वापरा. दोन डोसांत कमीत कमी सहा तासांचं अंतर ठेवा आणि दिवसात चारहून जास्त नकोत. दिलं की लगेच वेळ आणि माप कागदावर लिहा, नाहीतर एक जण देतो आणि अर्ध्या तासाने दुसराही देतो.

जुलाब झाले तर ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्याचं आहे, छोटं 200 मिलीचं. पाकिटावर बघूनच पाणी मोजा. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने कालवू नका, मिठाचं प्रमाण वाढलं तर ते मुलाला घातक ठरतं. दर जुलाबानंतर धाकटीला 50 ते 100 मिली, थोरल्याला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून दर दोन मिनिटांनी एक चमचा सुरू करा. कालवलेलं 24 तासांनी फेकून द्या. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल गळून पडलं किंवा जुलाबात रक्त दिसलं तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे ते. तुमच्या दोघांच्या गोळ्या. सोम ते रवि अशा खणांचा आईचा डबा मुलाच्या बोटाने सहज उघडतो, आणि धाकटीला तो खुळखुळा वाटतो. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा आहेत की एकच गोळी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. घरी डबा वरच्या फळीवर असतो, प्रवासात तो पर्समध्ये, उशाशी, टेबलावर येतो. यावेळी गोळ्या मूळ पाकिटांतच घ्या आणि कुलूप लागणाऱ्या बॅगेत ठेवा. गोळी खाली पडली तर सापडेपर्यंत शोधा. मुलाच्या पोटात गेली असावी असा नुसता संशय आला तरी ते पाकीट घेऊन सरळ दवाखान्यात जा. उलटी काढायला जाऊ नका. मूल हसतंखेळतं दिसतंय म्हणून थांबू नका, काही गोळ्यांचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो.

नव्या खोलीत पोचलात की सामान उघडण्याआधी एकाने दोघांना धरून बसायचं आणि दुसऱ्याने गुडघ्यांवर येऊन खोली बघायची: खाली पडलेली नाणी, बटणासारखे सेल, पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या, खिडकीशी टेकलेली खुर्ची, बाल्कनीची कडी. बाबा, तुमचे गुडघे दुखतात, तर हे आईने करावं. बादलीत पाणी साठवून ठेवू नका. काही सेंटीमीटर पाण्यातही मूल बुडतं, आणि आवाज होत नाही.

निघायच्या सकाळी दोघांचा त्याच कपड्यांतला एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा, आणि थोरल्याच्या खिशात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. नाव बाहेरून दिसेल असं कुठेही लिहू नका.

शनिवारी सकाळी सीट बसवताना मी व्हिडिओ कॉलवर असेन. तुम्ही दोघंही गाडीपाशी थांबा, चिमट्याची परीक्षा आपण तिघं मिळून करू.

तुमची लेक