नायट्यावर स्टेरॉइडचे मलम नको

महोदय,
पावसाळ्यात ओल्या कपड्यांनिशी ठाण्याहून लोकलची गर्दी सोसणाऱ्यांना जांघेत, कमरेला नायटा, म्हणजे त्वचेला बुरशीचा संसर्ग, होतो आणि पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे असते. तिथे बऱ्याचदा हाती पडते ते मिश्र मलम. त्यात बुरशीनाशकासोबत क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, म्हणजे खाज-सूज दाबणारे औषध, असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याच्या कडा पुसट झाल्याने निदान चुकते, जांघेतली त्वचा पातळ होऊन कायमचे वळ उठतात. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ पासून आहे. तो दुकानात पाळला जावा, ही कळकळीची मागणी.

ट्यूबवरचे घटक वाचावेत. नुसत्या बुरशीनाशकांपैकी क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा लावतात, ल्युलिकोनॅझोल एकदाच. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्वचा कोरडी करून चट्ट्याबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत लावावे. डाग गेला म्हणून लगेच थांबू नये. आणखी दोन आठवडे लावावे. नखे वा डोक्यावर नायटा असल्यास मलम पुरत नाही, गोळ्या लागतात. घरात इतरांनाही असेल तर उपचार एकाच वेळी करावेत, टॉवेल वेगळे ठेवावेत.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, ठाणे