ट्रेलर घेतोयस तर हे वाच

मित्रा,

परवा तू म्हणालास की सायकलच्या मागे जोडायचा, पोरांना बसवायचा ट्रेलर घेतोय, पोरीला मागे बसवून फिरवणार, आणि मी नुसतं 'भारी रे' म्हणून फोन ठेवला. रात्री पडल्या पडल्या आठवलं, अरे मी सुरुवातीला केवढी माती खाल्ली होती ते सांगायलाच हवं होतं, म्हणून हे एवढं लांबलचक.

घेतल्या घेतल्या पोरीला बसवू नकोस. मी पहिला आठवडा रद्दीचे दोन गठ्ठे, असतील १२ किलो, सीटच्या पट्ट्यांनी आवळून फिरवले, बायको म्हणायची रद्दीचे फार लाड चाललेत. तिसऱ्या दिवशी एका वळणावर नेहमीसारखी सायकल वळवली, मी आरामात गेलो पण ट्रेलरचं आतलं चाक फुटपाथच्या कडेवर चढलं. मागे धाडकन आवाज, बघतो तर ट्रेलर आडवा आणि एक चाक हवेत गरगरतंय. सायकल मात्र उभीच, कारण कपलिंग, म्हणजे ट्रेलर सायकलला जोडणारा सांधा, फिरतं असतं, सायकल पडली तरी ट्रेलर उभा राहावा म्हणून. रद्दी जागची हलली नव्हती, माझेच पाय लटपटत होते.

भानगड अशी की ट्रेलर सायकलपेक्षा रुंद, आणि वळताना आपल्या चाकाच्या आतून येतो. म्हणून वळण ऐसपैस घ्यायचं आणि स्पीड वळायच्या आधीच कमी करायचा, वळता वळता जोरात ब्रेक दाबलास तर मागचं वजन तुझं मागचं चाक बाजूला ढकलतं. माझ्या मॅन्युअलमध्ये सरळ रस्त्यावर ताशी २५ किमी आणि वळणावर १० च्या आत असं लिहिलंय, पोरगी आत असताना मी २५ च्या आसपासही जात नाही. उतारावर तर ब्रेक आधीपासूनच धरायचा, थांबायला अंतर जास्त लागतं.

जोडणी सायकलच्या मागच्या ॲक्सलला, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याला, डाव्या बाजूने, म्हणजे चेन मध्ये येत नाही. थ्रू ॲक्सल, म्हणजे फ्रेममधून आरपार जाऊन आट्यांनी आवळणारा जाड दांडा, असेल तर अडॅप्टर लांबी आणि आटे जुळवूनच घ्यावा लागतो, 'बसतंय की' म्हणून कुठलाही घालू नकोस. कपलिंगची पिन लावली की सेफ्टीचा पट्टा फ्रेमभोवती घ्यायचाच, पिन निसटली तर ट्रेलर त्याच्यावरच लटकतो. आणि आधी ट्रेलर जोडायचा, पार्किंग ब्रेक लावायचा, मग पोरगी. उतरवताना पहिली पोरगी.

हेल्मेटचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. मागून फुगीर असलं की सीटच्या पाठीला टेकून मान पुढे ढकलली जाते, आमची हनुवटी छातीला लावून झोपली होती, हेल्मेट नाकापर्यंत आलेलं, मी आपला पुढे मजेत पॅडल मारतोय! मागून सपाट असलेलं घे आणि घरीच सीटवर बसवून बघ. तुझी वर्षाची झाली ना? त्याआधी नकोच, मान घट्ट धरता आली तरी हेल्मेटचं वजन आणि वर दचके. डॉक्टरांना एकदा विचार.

बाकी किरकोळ. ट्रेलरची पुढची जाळी कायम बंद, नाहीतर तुझ्याच चाकाने उडालेले खडे तिच्या तोंडावर. उन्हात पावसाचं प्लास्टिक लावून ठेवू नकोस, आत भट्टी होते. सुटी बाटली, खेळणी आत टाकू नकोस, ओढणी-नाड्या चाकापासून लांब. झेंडा जरा बावळट दिसतो पण लाव, ट्रेलर एवढा बुटका की गाडीवाल्यांना दिसतच नाही, मागे लाल लाइट दिवसाही चालू ठेव. टायरमध्ये हवा टायरवर लिहिलेल्या आकड्यांतल्या कमीकडची, दगडासारखे टायर केले की आतलं माणूस नुसतं उडतं.

आता एक काम कर, मागच्या ॲक्सलचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठव, क्विक रिलीज (हाताने खटका उघडून चाक काढायचं) आहे का थ्रू ते बघतो आणि मगच ऑर्डर टाक. आणि रद्दी विकू नकोस एवढ्यात.

तुझाच