दोन रकान्यांचा कागद

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम नमस्कार.

बाबा, तुमचा कागद पोहोचला. मधोमध पट्टीने आखलेली रेघ, डावीकडे राहते घर सोडून माझ्याकडे यावे यासाठीची कारणे, उजवीकडे येऊ नये यासाठीची, आणि दोन्ही बाजू सारख्याच भरल्यामुळे असेल, तळाशी पेन्सिलीने काढलेले एक प्रश्नचिन्ह. सोबत तुम्ही विचारले आहे की, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नये असे बायबलमधील नीतिसूत्रे 3:5 मध्ये सांगितले असताना असा हिशेब मांडणे हाच अविश्वास ठरतो का? आईच्या मते तो ठरत असावा, कारण समासात तिच्या अक्षरात ‘देव बघून घेईल’ असे लिहिलेले दिसते.

मला तसे वाटत नाही. त्याच अध्यायात पुढे ज्याला ज्ञान लाभते त्याला धन्य म्हटले आहे. आई, रागावू नकोस, पण ‘देव बघून घेईल’ हे वाक्य कधी विश्वासातून येते, तर कधी विचार करण्याच्या कंटाळ्यातून, आणि बोलणाऱ्याला त्यातला फरक दर वेळी कळतोच असे नाही.

यहोशवाच्या पुस्तकातील 9व्या अध्यायातले गिबोनकर, म्हणजे गिबोन नगरातले लोक, आठवा. आपण फार दूरच्या देशातून आलो आहोत असे भासवून ते इस्राएलाशी करार करायला आले, तेव्हा त्यांच्याजवळच्या भाकरी वाळून बुरसलेल्या होत्या, द्राक्षारसाचे बुधले फाटून शिवलेले होते आणि पायांतल्या वहाणा झिजून ठिगळे लावलेल्या होत्या. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी ती शिदोरी पाहिली आणि शपथ घेऊन करार केला. तीन दिवसांनी कळले की ही माणसे जवळच राहणारी आहेत. भाकरीवरची बुरशी खरीच होती, फक्त तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. शास्त्रात त्यांना शिदोरी तपासल्याबद्दल दोष दिलेला नाही. त्यांनी परमेश्वराचा सल्ला घेतला नाही, एवढीच नोंद आहे.

पण तुमच्या प्रश्नाला मला 2 शमुवेल 5 मधला दावीद राजा अधिक जवळचा वाटतो. इस्राएलाचे शत्रू असलेले पलिष्टी रेफाईमच्या खोऱ्यात पसरले, दावीदाने परमेश्वराला विचारले, ‘जा’ असे उत्तर मिळाले आणि तो जिंकला. काही काळाने तेच पलिष्टी त्याच खोऱ्यात पुन्हा उतरले. कोणताही अनुभवी सेनापती मागचाच डाव पुन्हा टाकेल अशी ती वेळ होती, तरीही दावीदाने पुन्हा विचारले, आणि या वेळी उत्तर वेगळे आले: समोरून जाऊ नकोस, वळसा घालून त्यांच्या पिछाडीला जा आणि झाडांच्या शेंड्यांतून चालण्याचा आवाज ऐकू येईपर्यंत थांब. कालचे उत्तर आजही लागू पडेल असे त्याने धरून चालले नाही, हे मला त्या विजयाहून मोठे वाटते. बाबा, तुमच्या डाव्या रकान्यातली निम्मी कारणे ‘मागच्या वेळी असे झाले होते’ या धर्तीची आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आपल्याला झाडांच्या शेंड्यांतून काही ऐकू येईल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. वचन, प्रार्थना, मंडळीतील जाणत्या माणसांचा सल्ला, डॉक्टरांचे मत आणि थोडा धीर, एवढेच आपल्या हाती आहे. मात्र विचारायचे तर आपल्याला नको असलेले उत्तरही ऐकण्याची तयारी हवी, आणि ती माझ्यातच कमी आहे. तुम्ही यावे असे मला मनापासून वाटते, त्यामुळे या बाबतीत मला तटस्थ साक्षीदार समजू नका.

तेव्हा कागद फाडू नका. उलट माझ्यातर्फे उजव्या रकान्यात एक ओळ वाढवा: माझ्या घराला उभा जिना आहे आणि आईच्या गुडघ्यांना तो रोज चढवणार नाही. मग दोघांनी मिळून तो कागद रात्रीच्या प्रार्थनेत समोर ठेवा, आई, तूसुद्धा, नुसते समासात लिहून नव्हे. मीही इथे तेच करीन. तोवर घराच्या व्यवहाराबद्दल कोणी कितीही घाई केली तरी कोणालाही शब्द देऊ नका.

तुमची लेक