भाडेकरूंनी प्राणी पाळू नयेत, या प्रस्तावाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, शामरावनगर, सांगली

महोदय, सप्रेम नमस्कार.

भाडेकरूंना कुत्रा-मांजर पाळण्यास मनाई करणारा ठराव येत्या सभेत येणार असल्याचं नोटीस बोर्डावर वाचलं. भाडेकरू म्हणून मला सभेत मत देता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कृपया ते सभेत वाचून दाखवावं.

ठराव कशामुळे आला हे सगळ्यांना माहीत आहे. परीक्षा संपली, सी विंगमधली मुलं फ्लॅट सोडून गेली आणि त्यांचं पर्शियन मांजर जिन्यातच राहिलं. ते कितीतरी दिवस दारोदार ओरडत फिरत होतं. त्या मुलांची बाजू मी घेणार नाही. पाळलेलं जनावर असं टाकून जाणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याची तक्रार व्हायला हवी होती.

पण बंदी हा त्यावरचा इलाज नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. शिवाय बंदी आली की लोक लपवून पाळतील, लसीची नोंद कुणी दाखवणार नाही. काही जण कुत्र्याऐवजी पोपट आणतील. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्या इमारतीत फार थोड्यांना माहीत असावं.

माझं मत विचाराल, तर दोन-तीन वर्षांसाठी गावात आलेल्या माणसाने पिल्लू विकत आणू नये. आपला करार अकरा महिन्यांचा असतो, कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. बँकेतली बदली कुठे होईल, मिरजेतली इंटर्नशिप संपल्यावर कुठे जावं लागेल, पुढचा घरमालक काय म्हणेल, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. तरीही परक्या गावात, दिवसभर राबून आल्यावर, एखादं जनावर जवळ असावं असं फार वाटतं. ही ओढ खरी आहे. तिला वाट मिळाली, तर पिल्लं आणली जाणार नाहीत आणि टाकलीही जाणार नाहीत.

ही वाट आपल्या आवारातच आहे. पार्किंगमधली काळी आणि तिची दोन पोरं आपलीच आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार आवारातल्या अशा कुत्र्यांच्या खाण्याची सोय लावणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी आहे. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून लांब असावी, वेळ ठरलेली असावी, असंही त्यात आहे. आज आपल्याकडे जो तो फाटकाशीच पोळ्या टाकतो, म्हणून कुत्री तिथेच बसतात आणि डिलिव्हरीवाल्यांवर धावून जातात. पाण्याच्या टाकीमागची मोकळी जागा ठरवून द्या. रोज खाणं घालून जागा झाडून घेण्याची पाळी आम्ही भाडेकरू लावून घेऊ. तिघांची नसबंदी महापालिकेकडून करून घेण्यासाठी पाठपुरावा करू, दरवर्षीच्या रेबीजच्या लसीसाठी वर्गणीही काढू. एक भाडेकरू गेला की त्याची पाळी नवा घेईल. काळी मात्र जागेवरच राहील.

ए विंगमधल्या एक-दोन ज्येष्ठांना गुडघ्यांमुळे कुत्रा फिरवणं जमत नाही. त्यांची तयारी असेल तर संध्याकाळची फेरी आमच्यातलं कुणीही आनंदाने करेल. आणि एखाद्या जखमी किंवा आई नसलेल्या पिल्लाला कायमचं घर मिळेपर्यंत काही आठवडे सांभाळायचं झालं, तर समितीला कळवून तशी परवानगी मिळावी.

आणखी एक विनंती, आणि ती पावसाळ्याआधीची आहे. २०१९ च्या महापुरात या भागात काय झालं ते जुन्या रहिवाशांकडून ऐकलं आहे. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की माणसं सामान हलवू लागतात, जनावरांची आठवण उशिरा होते. आवारातल्या आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांची एक वही करावी: कुणाचं, लस कधी दिली, पाणी वाढल्यावर कोण नेणार. मालक असो की भाडेकरू, नोंद सगळ्यांना सारखी असावी. घर सोडताना त्या वहीत प्राणी कुठे नेला ते लिहिल्याशिवाय ना-हरकत मिळू नये.

ठरावाऐवजी एवढं सभेपुढे ठेवावं. वही मी घालून देतो, पहिल्या महिन्याची पाळीही माझी धरा.

आपला,
बी विंगमधील एक भाडेकरू